एकशेऐंशी व्होल्टचा ब्लूज

“मला आवाज फाटलेला हवाय,” डॉक्टर म्हणाले.

मी सोल्डरिंगची गन खाली ठेवली. भोरला एसटी डेपोच्या मागच्या गल्लीत माझं साउंड दुरुस्तीचं दुकान आहे. सव्वीस वर्षं झाली. मंडपवाले, भजनी मंडळं, शाळा, बँडवाले, सगळे येतात. ज्याचा आवाज फाटतो तो माझ्याकडे येतो आणि मी तो नीट करून देतो. आवाज फाडून मागणारं गिऱ्हाईक मी पहिल्यांदाच पाहत होतो.

“किती फाटलेला?” मी विचारलं. धंद्यात गिऱ्हाइकाला एकदम नाही म्हणू नये.

“थोडाच. तार हलकी छेडली तर स्वच्छ यावा, जोरात छेडली तर कडेला खरखर यावी. आणि हळू.”

“हळू छेडायची?”

“आवाज हळू, नाना. घरात वाजवायचंय. गिटार. ब्लूज.”

डॉक्टर म्हणजे जनावरांचे डॉक्टर. नोकरी वेल्ह्यात, घर उत्रोलीत, रोज मोटारसायकलवर ये-जा. वय पन्नाशीचं. कॉलेजात असताना ते एका बँडमध्ये इलेक्ट्रिक गिटार वाजवायचे, हे मला त्या दिवशी कळलं. तोवर मी त्यांना फक्त गाईच्या मागच्या बाजूला, खांद्यापर्यंत हातमोजा चढवून उभे असलेले पाहिले होते. त्या हातात गिटार बसवायला मला जरा वेळ लागला.

“पंचवीस वर्षं ती खुंटीला टांगलीय,” ते म्हणाले. “आता खांदा धरायला लागलाय. अडलेली वासरं ओढून ओढून. बोटंही सकाळी आखडतात. आणखी चार वर्षांनी तार दाबली जाईल का, सांगता येत नाही. म्हणून म्हटलं, आताच.”

“ब्लूज म्हणजे नक्की काय?”

“तालाच्या बारा मापांची एक फेरी असते. तीच पुन्हा पुन्हा येते. तिच्यावर माणूस आपलं रडगाणं गातो.”

“म्हणजे आमच्या भजनासारखंच.”

“हो. फक्त शेवटी देव भेटत नाही.”

हे मला आवडलं. मी चहा सांगितला आणि त्याच आनंदात पहिली चूक केली. गोडाऊनमधून दोनशे वॉटचा मंडपाचा अ‍ॅम्प्लिफायर काढून त्यांच्यासमोर ठेवला.

इथे जरा आमच्या धंद्यातलं सांगतो. लोक होणाऱ्या जावयाचा पगार विचारतात त्याच सुरात साउंडचे वॉट विचारतात. ज्याच्या दारात जास्त वॉट, त्याचा मान जास्त. खरी गोष्ट अशी, की वॉट दुप्पट केले म्हणून आवाज दुप्पट होत नाही, जरासाच वाढतो. हे मी सव्वीस वर्षांत एकाही मंडळाला सांगितलेलं नाही.

डॉक्टरांनी गिटार जोडली आणि तार छेडली. आवाज आला, पण ग्रामपंचायतीने पाणीपट्टीची सूचना द्यावी तसा.

“बघा!” मी म्हणालो. “एक कण खरखर नाही.”

“तेच तर,” डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी वायर काढून घेतली.

मग त्यांनी मला समजावलं. शेरभराच्या मापात दीड शेर दूध ओतलं तर वरचं सांडतं. अ‍ॅम्प्लिफायरमध्येही त्याच्या कुवतीपेक्षा जास्त सूर ढकलला की सुराच्या लाटेचा वरचा शेंडा छाटला जातो. ते छाटलेलं कानाला खरखरीत लागतं. यालाच डिस्टॉर्शन म्हणतात. मंडपात ते पाप आहे, ब्लूजमध्ये ते मीठ आहे. दोनशे वॉटच्या मापात डॉक्टरांची गिटार तळाशी पेलाभर पडून राहत होती. सांडणार कुठून?

म्हणजे लहान माप हवं होतं. आणि घरात का हवं, तेही महत्त्वाचं होतं. डॉक्टरांच्या खोलीची आणि गोठ्याची भिंत एकच. पलीकडे त्यांचे थोरले बंधू आप्पा, म्हणजे घरातली शेती आणि जनावरं सांभाळणारा माणूस, संध्याकाळी म्हशीची धार काढणार. डॉक्टर साडेपाचला वेल्ह्याहून येणार. साडेसहानंतर त्यांचा फोन सुरू होतो. कुणाची गाय अडली, कुणाची शेळी फुगली. म्हणजे मोकळा तास एकच, साडेपाच ते साडेसहा. तोच आप्पांचा धारेचा तास. साडेसहाला दूध डेअरीला पोचायला हवं.

“आप्पांनी परवानगी दिलीय,” डॉक्टर म्हणाले. “अट एकच. राधीने पान्हा चोरता कामा नये.”

राधी म्हणजे म्हैस. म्हैस बिथरली की दूध वर ओढून घेते, सोडतच नाही. याला पान्हा चोरणं म्हणतात. तेव्हा गिऱ्हाइकं दोन होती: एकाला आवाज फाटलेला हवा, दुसरीला आवाज नकोच. अशी ऑर्डर मला कुठल्या मंडळाने कधी दिली नव्हती.

पुढचे पंधरा दिवस मी भलताच खुशीत होतो. पुण्याला माझे दोन-तीन दुकानदार मित्र आहेत. त्यांच्याकडून एकेक अ‍ॅम्प बघायला मागवायचा, डॉक्टर संध्याकाळी येऊन वाजवणार, नाक मुरडणार, मी परत पाठवणार.

पहिला आला दहा वॉटचा, ट्रान्झिस्टरवाला. डब्याएवढा. त्यात डिस्टॉर्शनचं वेगळं बटण होतं. डॉक्टरांनी ते दाबलं आणि दुकानात कुणीतरी गांधीलमाशी पत्र्याच्या डब्यात कोंडल्यासारखं झालं. ट्रान्झिस्टर लाटेचा शेंडा कोयत्याने उडवतो, सरळ. कड बोचते.

दुसरा कॉम्प्युटरवाला. तो मोबाईलला जोडला की शंभर जातींचे अ‍ॅम्प्लिफायर असल्याचं सोंग काढतो. डॉक्टर पाऊण तास मोबाईलवर सोंगं बदलत बसले. गिटार मांडीवर तशीच. शेवटी म्हणाले, “नाना, मला वाजवायला एक तास मिळतो. तो यादी वाचण्यात घालवू?”

तिसरा पंधरा वॉटचा, व्हॉल्व्हचा. व्हॉल्व्ह म्हणजे जुन्या रेडिओत असायचे ते काचेचे दिवे. तापायला मिनिटभर घेतात, म्हाताऱ्या माणसासारखे. पण हे दिवे लाटेचा शेंडा छाटत नाहीत, चावून गोल करतात. खरखर येते पण बोचत नाही. डॉक्टरांचे डोळे चमकले. अडचण एवढीच, की व्हॉल्व्ह पूर्ण ताणल्याशिवाय चावायला लागत नाहीत, आणि पंधरा वॉट पूर्ण ताणल्यावर डेपोतला कंट्रोलर दुकानात आला.

“गाडी लागल्याची घोषणा ऐकायला येत नाही,” तो म्हणाला. “पॅसेंजर आम्हाला शिव्या देतात.”

“ते आधीपण देत होते,” मी म्हणालो. पण अ‍ॅम्प बंद केला.

शेवटी आला पाच वॉटचा. सेकंडहँड, दोनच व्हॉल्व्ह, आठ इंची एक स्पीकर, आणि एकच बटण. कमी किंवा जास्त. डॉक्टरांनी त्या एका बटणाकडे अशा प्रेमाने पाहिलं की मला त्यांच्या संसाराची काळजी वाटली. दुकानात तोही मोठाच वाजत होता. म्हैस सोडा, गोठ्यातली पालसुद्धा पळेल एवढा.

“घरी नेऊन बघू,” डॉक्टर म्हणाले.

आम्ही उत्रोलीला गेलो. डिसेंबर होता. वहिनींनी, म्हणजे डॉक्टरांच्या बायकोने, चहा ठेवला आणि अ‍ॅम्पकडे पाहून विचारलं, “एवढुसाच? पंधरा दिवस घरात याचंच नाव आहे, मला वाटलं कपाट आणताय.”

मी म्हणालो, “याला स्टॅबिलायझर लावा हो.” हे मी सवयीने म्हणतो. आमच्या भागात व्होल्टेज कमी-जास्त होतं, म्हणून टीव्हीला, फ्रीजला लोक स्टॅबिलायझर लावतात. कमी आलेलं व्होल्टेज तो उचलून सारखं करतो. मी तो विकतोही, हा निव्वळ योगायोग.

आप्पा दारातून म्हणाले, “येकच हाय. फ्रीजला लावलाय. फ्रीजमदी औषधं हायत ह्याची, गुरांची. गिटार काय नासती व्हय?”

मुद्दा बिनतोड होता. अ‍ॅम्प थेट प्लगात घातला.

डॉक्टरांनी बटण निम्म्यावर नेलं आणि वाजवलं.

मी आयुष्यात पुष्कळ स्पीकर ऐकले. पण त्या खोलीत जे आलं ते निराळंच होतं. आवाज लहान, जेमतेम बोलण्याएवढा, आणि तरी घोगरा, ओला, रडून झालेल्या माणसाने हसून बोलावं तसा. डॉक्टरांनी एकच सूर लांबवला आणि तो विरताना कडेला किंचित फाटला. भिंतीपलीकडून चरवीत धारेचा आवाज येत होता. सर्र, सर्र. तो थांबला नाही.

आप्पांनी पलीकडूनच निकाल दिला. “चालंल. म्हशीचं काय म्हननं न्हाई.”

दुकानात एवढा दणका देणारा अ‍ॅम्प इथे एवढा नरम कसा, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. उलट मी तिथल्या तिथे तीन कारणं सांगितली: शेणाने सारवलेली जमीन आवाज पिते, स्पीकरचा कोन मी जाणूनबुजून भिंतीकडे केलाय, आणि खोलीचं माप बघूनच मी पाच वॉट निवडले होते. तिन्ही साफ खोटी. डॉक्टर मान डोलावत होते. पुढचे दोन महिने मी ती कारणं भोरमध्ये चार-पाच ठिकाणी, वाढवत वाढवत सांगितली. कोन तर मी शेवटी अंशांत सांगू लागलो होतो.

मार्चमध्ये डॉक्टरांचा फोन आला.

“नाना, अ‍ॅम्प बिघडला.”

“बंद पडला?”

“नाही. सुधारला.”

“म्हणजे?”

“स्वच्छ वाजतोय. मोठा आणि स्वच्छ. खरखर गेली. आणि राधीने तीन दिवस संध्याकाळचा पान्हा चोरलाय. काल आप्पा रिकामी चरवी घेऊन माझ्या खोलीत आले. रविवारपर्यंतची मुदत दिलीय.”

“नाहीतर?”

“अ‍ॅम्प गावच्या मंडळाला.”

मला दोन काळज्या लागल्या. एक तर मंडळ तो पाच वॉटचा अ‍ॅम्प दहा मिनिटांत जाळून माझ्याचकडे दुरुस्तीला आणणार. आणि दुसरं, डॉक्टरांचा आवाज. चेष्टेचं बोलत होते, पण मधेच थांबत होते.

“बटण कमी करा की,” मी म्हणालो.

“केलं. हळू होतो, पण मग नुसता टिंगटिंग. त्यात काही राहत नाही. पाळण्यावर लावतात ना खेळणं, तसं.”

“मग आप्पांना समजावून सांगा. तुम्ही डॉक्टर आहात जनावरांचे.”

“तेच नडलं. मागे पशुपालकांच्या शिबिरात मी तासभर भाषण दिलं होतं. धारेच्या वेळी गोठ्यात शांतता हवी, नवा आवाज नको, नवा माणूस नको. आप्पा पहिल्या रांगेत होते. काल त्यांनी ते मला पाठ म्हणून दाखवलं.”

मी अ‍ॅम्प दुकानात मागवून घेतला. मागचं झाकण उघडलं. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पमध्ये प्लग काढल्यावरही आत जबर व्होल्टेज साठून राहतं, तेव्हा घरी कुणी हा उद्योग करू नये. मला सव्वीस वर्षांचा अनुभव आहे, त्यामुळे मला झटका बसला तरी मी ओरडत नाही. दोन्ही व्हॉल्व्ह तपासले, ठीक. कपॅसिटर बदलला, उगाच. स्पीकर चेपून पाहिला. सगळं ठणठणीत. वाजवून पाहिला तर मोठा, स्वच्छ, पहिल्या दिवशी दुकानात वाजला होता अगदी तसाच.

मग मी वाईट मेकॅनिक करतो ते केलं. फोन करून गिऱ्हाइकावर ढकललं.

“डॉक्टर, अ‍ॅम्पला काही झालेलं नाही. तुमची बोटं सुधारली असतील. रियाज चाललाय ना रोज?”

“बोटं सुधारत नाहीत, नाना,” ते म्हणाले. “मी शनिवारी घरी आहे. जमलं तर या.”

त्यानंतर मला दुकानात बसवेना. शनिवारी साडेपाचला अ‍ॅम्प घेऊन उत्रोलीला पोचलो.

गावात शिरताना डांबरी रस्त्याच्या कडेला डीपी दिसली. डीपी म्हणजे गावातल्या घरांना वीज देणारा ट्रान्सफॉर्मर. नवी कोरी, राखाडी, हळदकुंकू वाहिलेली, खाली फोडलेल्या नारळाच्या करवंट्या. मी हात जोडून पुढे गेलो. माणूस किती मठ्ठ असू शकतो याचा मी चालता पुरावा होतो.

डॉक्टरांच्या खोलीत बसलो. वहिनींनी पंखा लावला आणि टेबलावरचे लसीकरणाचे कागद भर्रकन उडून माझ्या तोंडावर आले.

“हे असंच आता,” वहिनी कागद गोळा करत म्हणाल्या. “पूर्वी त्या पंख्याखाली बसून पाती मोजता यायची. संध्याकाळी शेतातल्या पाण्याच्या मोटारी चालू झाल्या की तो नुसता मान हलवायचा.”

मी कप खाली ठेवला.

“कधीपासून फिरतोय असा?”

“नवी डीपी बसली तेव्हापासून. झाले पाच-सहा दिवस. अर्ज करून करून लोक थकले होते. ह्यांचीच पहिली सही आहे अर्जावर.”

मी पिशवीतून मीटर काढला आणि प्लगात घातला. दोनशे बत्तीस. सरकारी नियमाप्रमाणे, सरळ, ताठ दोनशे बत्तीस.

“आप्पा!” मी गोठ्याकडे तोंड करून ओरडलो. “जुन्या डीपीवर संध्याकाळी लाईट कशी असायची?”

“लाईट?” आप्पा दारात आले. “ती लाईट व्हती व्हय? नदीकाठच्या सगळ्या मोटारी त्याच डीपीवर. गव्हाला पानी सोडलं की बल्ब लालबुंद. म्हस हाय का रेडा, हात लावून बगायला लागायचं.”

आता सांगतो काय झालं होतं. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पला व्होल्टेज कमी मिळालं की त्याची ताकद कमी होते. मापच लहान होतं. मग थोड्याशा सुरानेही ते काठोकाठ भरतं आणि सांडायला लागतं. म्हणून आवाज लहान आणि फाटका. डिसेंबरपासून डॉक्टरांच्या ब्लूजमध्ये उत्रोलीच्या गव्हाला पाणी देणाऱ्या सगळ्या मोटारींचा वाटा होता. नवी डीपी आली, गावाला पूर्ण वीज मिळाली, लोकांनी नारळ फोडले, आणि गावातल्या एकाच माणसाचा सूर गेला. त्याने स्वतः सही करून घालवला.

माझी तीन कारणं, तो कोन, ती सारवलेली जमीन, सगळं मी मनातल्या मनात नदीला सोडलं.

“म्हणजे स्टॅबिलायझर लावला असता तर?” डॉक्टरांनी विचारलं.

“तर पहिल्याच दिवशी राधीने पान्हा चोरला असता, आणि तुम्ही अ‍ॅम्प परत केला असता.”

“ह्या साउंडवाल्याचं येक काम झ्याक,” आप्पा म्हणाले. “जे इकतो त्ये आपल्याला दिलं न्हाई.”

“आता काय, जुनी डीपी परत मागायची?” वहिनींनी विचारलं. “तसा अर्ज केलात तर गाव तुमच्या दोघांची धिंड काढेल.”

“नाही,” मी म्हणालो. “उद्या येतो. रविवार संपायच्या आत.”

माझ्या बाकावर एक डिमरस्टॅट असतो. लोखंडी डबा, वर मोठं गोल बटण. आत तारेचं वेटोळं असतं. बटण फिरवाल तेवढं व्होल्टेज देतो, शून्यापासून पार पावणेतीनशेपर्यंत. दुरुस्त केलेलं मशीन एकदम पूर्ण विजेवर न लावता हळूहळू चढवत नेण्यासाठी आम्ही तो वापरतो. रविवारी तो मांडीत धरून, मित्राच्या मोटारसायकलवर मागे बसून मी उत्रोलीला आलो. वाटेत दोघांनी विचारलं की कुणाच्या बारशाला कुकर घेऊन चाललास.

डिमरस्टॅट प्लगात, अ‍ॅम्प डिमरस्टॅटमध्ये. मी बटण दोनशेवर नेलं. डॉक्टरांनी तार छेडली आणि मान हलवली. एकशेनव्वद. पुन्हा मान. एकशेऐंशीला त्यांनी एक सूर लांबवला. तो विरताना कडेला फाटला.

खाली बघून तोच सूर त्यांनी पुन्हा वाजवला.

मी वहिनींकडून नेलपॉलिश मागून घेतलं आणि बटणावर दोन लाल खुणा केल्या. “या दोन्हींच्या मधेच. खाली नेलंत तर व्हॉल्व्ह पुरते तापणार नाहीत आणि लवकर मरतील. वर नेलंत तर अ‍ॅम्प जळेल आणि बरोबर मीही, कारण तुम्ही माझं नाव सांगाल.”

“तसंही त्यांचं आयुष्य थोडं कमी होईल ना?”

“होईल. वर्षा-दोन वर्षांनी नवे टाकू. आपलं तरी काय वेगळं होतंय?”

आता खरी परीक्षा बाकी होती. सहाला दहा कमी. आप्पा चरवी घेऊन गोठ्यात गेले. एवढं सगळं केल्यावर मी निकाल भिंतीआडून थोडाच ऐकणार होतो? मीटर हातात घेऊन मीही मागोमाग गेलो आणि राधीच्या पुढ्यात, चांगला दिसेन असा उभा राहिलो.

आप्पांनी रेडकू सोडलं, दोन ढुशा मारू दिल्या, ओढून बांधलं. कास धुतली. खाली बसले. भिंतीपलीकडे डॉक्टरांनी फेरी सुरू केली. हळू, घोगरी, जशी हवी तशी.

चरवीत काही पडेना.

आप्पांनी कास चोळली. राधीने शेपटी मारली, पुढे आंबोणाची पाटी भरलेली असून तोंड लावलं नाही, आणि डोळे विस्फारून बघत राहिली. मला वाटलं, ऐकतेय. संगीताची जाण असावी.

पाच मिनिटं गेली. “न्हाई,” आप्पा म्हणाले.

पलीकडे गिटार अडखळली. थांबली. डॉक्टरांनी ऐकलं होतं. मग खट्ट आवाज आला. अ‍ॅम्पचं बटण बंद केल्याचा. तो आवाज मी हजारदा ऐकलाय, पण इतका लांबलेला कधी वाटला नव्हता.

“आप्पा, अजून थोडं थांबू,” मी म्हणालो. “मी जरा व्होल्टेज...”

“बंद केलं नव्हं त्यानं? तरीबी देती का बगा. न्हाई देत.” आप्पांनी राधीकडे पाहिलं. मग राधी कुठे बघतेय तिकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत होती. माझ्या हातातल्या मीटरच्या दोन वायरी, एक लाल, एक काळी, तिच्या तोंडासमोर लोंबत होत्या.

“ओ साउंडवाले,” आप्पा अगदी शांतपणे म्हणाले. “तुमी हितं कशापायी हुबं?”

“मी... निकाल...”

“निकाल तुमीच हाय की वो! नवा मानूस, हातात सुई बांधल्यागत वायरी. तिला वाटतंय डाक्टर आलाय. डाक्टर म्हंजी काय ती वळखती. बरं वाटावं म्हून येत न्हाई त्यो. व्हा भायेर! आन् त्याला म्हनावं, वाजीव रं. तुजं काय न्हाई.”

मी मीटरसकट बाहेर. अंगणातून खिडकीत तोंड घालून ओरडलो, “डॉक्टर, वाजवा! गिटारचा दोष नाही, माझा आहे!” सव्वीस वर्षांत गिऱ्हाइकासमोर हे वाक्य मी पहिल्यांदा म्हणालो. वहिनी ओट्यावर बसून इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

अ‍ॅम्प पुन्हा तापायला मिनिटभर लागलं. मग फेरी सुरू झाली. पहिली गेली. दुसरी निम्मी झाली. आणि गोठ्यातून आवाज आला. सर्र. मग सर्र, सर्र. मग सलग, चरवीतल्या फेसात बुडून जड होत गेलेला. डॉक्टरांनी थांबून पाहिलं नाही. त्यांनी डोळे मिटले होते आणि दुखरा खांदा जरा वर धरून ते वाजवत होते. साडेसहाला पाच कमी असताना आप्पा भरली चरवी घेऊन बाहेर आले, माझ्याकडे न बघता डेअरीकडे चालू लागले, आणि फाटकातून म्हणाले, “उद्यापास्नं तुमी यिऊ नगा. बाकी झ्याक हाय.”

डॉक्टर अजून रोज वाजवतात. डिमरस्टॅट तिकडेच आहे, मी बाकासाठी दुसरा आणला. पावसाळा आला, मोटारी बंद झाल्या, दिवाळीनंतर पुन्हा सुरू झाल्या. एकशेऐंशीला काही फरक पडला नाही. राधी मधे व्याली. मला बारशाचं बोलावणं नव्हतं. वहिनींनी खरवस मात्र पाठवला, दुकानात.

यातून मी शिकलो ते एवढंच. घरासाठी अ‍ॅम्प निवडताना वॉट शेवटी विचारावेत. आधी भिंतीपलीकडे कोण राहतं ते विचारावं, मग गिऱ्हाइकाच्या प्लगात मीटर घालावा, आणि त्याचा आकडा आल्याशिवाय आपल्या हुशारीबद्दल तोंड उघडू नये.

गेल्या महिन्यात कामथडीचे एक गृहस्थ आले. मुलीला गिटार घेतलीय, घरात वाजवायला अ‍ॅम्प हवा. किती वॉटचा देता?

मी विचारलं, “घरात दुभतं काय आहे?”

त्यांनी चप्पल घातली, आणि ते समोरच्या दुकानात जाऊन शंभर वॉटचा घेऊन गेले.